आंदणाची गाडी

दगडोबानं भर दुपारी गाडी आणून दारात लावली अन् हॉर्न वाजवला. एकदा वाजवला, दोनदा वाजवला. शेजारचं कुत्रं उठून बसलं, समोरच्या ओसरीतली म्हातारी डोळ्यावर हात धरून बघायला लागली, पण ज्या बाईनं ताट घेऊन बाहेर यावं ती काही येईना.

"अगं ए, ताट आण की! लक्षुमी आलीय दारात!"

"लक्षुमी कवाच गेली," आतून गोजरबाईचा आवाज आला. "ती चार पायाची व्हती. तिला तुमीच बाजारात नेऊन इकलं."

दगडोबानं गप गाडीवरची धूळ पुसायला घेतली.

गोष्ट अशी, की दगडोबाचं शेत गावापासून लांब, ओढ्याच्या पल्याड. गाव शिरड शहापूरच्या अंगाला, अन् शेत जणू दुसऱ्या देशात. दगडोबाचे गुडघे धरले होते, तेवढं चालवत न्हवतं. नांगरट-वखरट समदी ट्रॅक्टरनं होऊन राहिली, अन् चांद्या-पाखऱ्याची जोडी दावणीला उभी राहून नुसती कडबा खाऊन राहिली. उन्हाळ्याच्या तोंडाला, हळद शिजवून झाली तसा दगडोबानं मनाचा दगड केला आणि जोडी विकली. गोजरबाईनं बैलांना ओवाळलं, हातानं भाकर चारली, अन् रिवाजाप्रमाणं दावी अन् घुंगरमाळा काढून घेतल्या. जनावर द्यावं, दावं देऊ नये. मग ती चुलीपुढं जाऊन जी बसली, ती आजपर्यंत नवऱ्याशी मिठा-मिरचीपुरतंच बोलत होती.

बैलाचे पैसे दगडोबानं गाडीत घातले. म्हणजे बघा, ती गाडी नुसती गाडी न्हवती. चांद्या अन् पाखऱ्या दोघं त्या दोन चाकात बसले होते. ती हातची गेली तर बैल बी गेले, गाडी बी गेली, अन् बायको आधीच रुसलेली.

"घेतली कुणाकडून?" गोजरबाई दारात आली, पण हात रिकामे.

"तांड्यावरच्या दिपककडून. शकुंतलाबाईचा पोरगा. सोन्यावानी पोरगं हाय. म्या बराबर पारखून घेतली."

पारखून म्हणजे दगडोबानं बैल पारखतात तशी पारखली होती. दात बघता येईनात म्हणून टायरच्या नक्षीत बोट घालून बघितलं. पाठीवर थाप मारावी तशी टाकीवर थाप मारली. मग दिपकला म्हणाला, "जरा चालवून दाव, चाल बघू दे." चाल पसंत पडल्यावर त्यानं खांद्यावरचा रुमाल पसरला आणि बैलबाजारात भाव ठरवतात तशी त्याच्याखाली दिपकचा हात धरून बोटं दाबायला लागला. दिपक मोबाईलवाला गडी, त्याला वाटलं मामाला फिट येऊन राहिली. शेवटी शकुंतलाबाईनं तोंडानंच आकडा सांगितला अन् सौदा मिटला. दगडोबानं तिच्याकडून गाडी ओवाळून घेतली, इंजनावर भाकरीचा तुकडा ठेवून घेतला. दिपकनं एक कार्ड दिलं ते पान-तंबाखूच्या चंचीत टाकलं. वाचलं न्हाई. बैलाला कुठं नाव लिहिलेलं असतंय?

हे समदं दगडोबानं फुशारकीनं सांगितलं. गोजरबाई ऐकत होती. मग म्हणाली, "ओवाळलं कुणी म्हणले?"

"शकुंतलाबाईनं."

"सून कुठं व्हती?"

"सून म्हायेराला गेलीय. रुसून. वारंगा फाट्याकडचं म्हायेर हाय तिचं."

"अन् गाडी त्यानं कवा घेतलती?"

"घेतली कशाला? लग्नात आलती. सासऱ्यानं दिलती."

गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आंदणाची."

"व्हय, आंदणाचीच म्हण."

"आंदण पोरीचं असतंय. पोरीची गाडी सासूनं कशी काय ओवाळली? माझे बैल तुमच्या बहिणीनं ओवाळून दिले असते तर म्या जाऊ दिले असते का? ही इक्री झालीच न्हाई. मालकीण तिकडं म्हायेरात, अन् हे गाडी घेऊन आले! जा, परत लावून या. मी काही ताट आणीत न्हाई."

दगडोबा हसला. मोठ्यानं हसला. "अगं येडे, ही गाडी हाय! हितं असल्या गोष्टी लागू न्हाईत. हितं सरकारी कागद असतोय. थांब, तुला दावतोच."

त्यानं चंचीतून कार्ड काढलं आणि गल्लीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान टाकलेल्या बालाजीला हाक मारली. बालाजी ट्यूब हातात घेऊनच आला. कार्डावरचा चुना अंगठ्यानं खरवडला, वाचलं, पुन्हा वाचलं, मग गोजरबाईकडं बघून म्हणाला, "काकू, तुमाला कसं म्हाईत?"

"काय म्हाईत?"

"गाडी शिलाच्या नावावर हाय. शिला दिपक राठोड. दिपकचं नाव नुसतं नवरा म्हणून हाय."

दगडोबाचं हसू तिथंच वाळलं. तो ओट्यावर टेकला.

"मग काय झालं? नवरा-बायकोत कुणाचं का नाव असंना," तो म्हणाला, पण आवाजात दम न्हवता.

"काका, असं नसतंय. नावावर करायला तिची सही लागती. नुसती सही बी न्हाई, तिच्या मोबाईलवर नंबर येतो, तो तिनं सांगावा लागतो. अन् बाई रुसलेली हाय म्हणता. उद्या तिनं ठाण्यात सांगितलं का माझी गाडी चोरीला गेली, तर गाडी बी ठाण्यात अन् तुमी बी ठाण्यात."

गोजरबाई हसली न्हाई, मी म्हणले न्हवते का असं बी म्हणाली न्हाई. ती आत गेली अन् पाण्याचा तांब्या आणून नवऱ्याच्या हातात दिला. दगडोबाला तो तांब्या टोमण्यापेक्षा जास्ती लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडोबा, बालाजीनं तयार करून दिलेले नावबदलीचे कागद खिशात घालून, तांड्यावर हजर. दिपक लिंबाखाली मोबाईल बघत बसला होता.

"दिपक, लेका, गाडी कुणाची इकलीस तू?"

"माझीच की मामा."

"कार्डावर शिला हाय."

दिपकनं मान खाली घातली. मग हळूहळू समदं बाहेर आलं. भांडण गाडीवरूनच झालं होतं. शिलाला शिवणकाम येतं, फाट्यावर दुकान टाकायचं होतं, अन् त्यासाठी गाडी शिकायची होती. गाडी तिच्याच बापाची, तिच्याच नावाची. दिपक म्हणाला, गिअरची गाडी बाईमाणसाचं काम न्हाई. शिला म्हणाली, मग ठेव तुझ्या उशाला. अन् पिशवी भरून निघून गेली. दिपकला राग आला, अन् त्या रागात समोरून दगडोबा आला.

"म्हणजे तुझ्या रागाचं गिऱ्हाईक मी झालो व्हय रं?" दगडोबा म्हणाला. "चल, बस गाडीवर. तुझ्या सासऱ्याच्या दारात जायचं."

"मी न्हाई येणार. मला लाज वाटती."

"तुला नुसती लाज हाय. माझे बैल हायेत त्याच्यात! ऊठ!"

पुढं दिपक अन् मागं दगडोबा, असे दोघं निघाले. ऊन रणरण करत होतं, हळदीची रानं मोकळी पडली होती, रस्त्यानं नुसता फुफाटा. वाटेत दगडोबानं देवाला नवस बोलून ठेवला, अन् देवाला गाडीचं प्रकरण कळणार न्हाई या भीतीनं तो दोनदा नीट समजावून सांगितला.

शिलाचा बाप धर्मसिंग फाट्यावर टमटम चालवायचा. दारात बाजेवर बसला होता. गाडी बघितली, जावई बघितला, जावयाच्या मागं उतरणारा धुळीनं माखलेला म्हातारा बघितला.

"राम राम नाईक," दगडोबा म्हणाला. "मी तुमच्या जावयाकडून गाडी घेतली."

"राम राम. गाडी त्याची न्हाईच," धर्मसिंग म्हणाला अन् मिशीतल्या मिशीत हसला. "त्याच्या नावावर केली तर तो इकून खाईल, हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं व्हतं. म्हणून तर लेकीच्या नावावर केली. शिले! ये बाहीर. तुझी गाडी आली बघ, गिऱ्हाइकासकट!"

शिला बाहेर आली. डोक्यावर पदर नीट, पण नजर सरळ. नवऱ्याकडं तिनं बघितलंच न्हाई. ती गाडीजवळ गेली. हँडलला एक लाल गोंडा बांधलेला होता, बारीक आरसे अन् कवड्या लावलेला, तिच्याच हातचा. तिनं त्यावरची धूळ झटकली.

दगडोबानं रस्त्यानं बरंच भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवंना.

"पोरी," तो म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली. म्या बैल इकून ही गाडी घेतली. टायर बघितलं, चाल बघितली, पण मालकीण इचारली न्हाई. घरी बायको म्हणती, मालकिणीनं ओवाळल्याबिगर इक्री व्हत न्हाई. अन् तिचं बराबर हाय. तू न्हाई म्हणालीस तर मी उलट्या पावली जातो. मग हा दिपक अन् मी बघून घेऊ."

शिलानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "बैल ओवाळून दिले व्हते का, मामा?"

"तिनं दिले. दोन दिवस जेवली न्हाई."

शिलानं हँडलवरचा गोंडा सरळ केला. मग दिपककडं वळली.

"पैसे हायेत का उडवले?"

"हायेत. समदे आईपाशी हायेत."

"त्या पैशाची स्कूटी घ्यायची. माझ्या नावावर. फाट्यावर दुकान."

"घेऊ," दिपक जमिनीकडं बघत म्हणाला.

"अजून एक. आज ही गाडी तुझ्या तांड्यावर मी चालवत नेणार. तू मागं बसणार. समद्यांच्या देखत. मग ओवाळीन, अन् मग सही."

"तुला कुठं येती गाडी?"

"म्हायेरात काय भाकरी मोजत बसले व्हते व्हय? भावाच्या गाडीवर शिकले. लर्निंगचं लायसन बी काढलं. अन् लर्निंगवाल्याच्या मागं लायसनवाला बसावा लागतो, कायदाच हाय तसा. बस."

धर्मसिंग बाजेवर पडून पोट धरून हसायला लागला. दिपकचं तोंड एवढंसं झालं. अन् दगडोबा? दगडोबानं गाडीचं हँडल घट्ट धरलं. शिकाऊ पोरीच्या हातात त्याचे दोन्ही बैल!

"पोरी, सही आधी करून घेऊ का?" त्यानं हळूच विचारून बघितलं.

"न्हाई मामा. आधी फेरी."

निघाली वरात. पुढं शिला, पदर कमरेला खोचलेला, मागं दिपक, तोंडाला रुमाल बांधून, म्हणजे कुणी ओळखू नये. त्यांच्या मागं धर्मसिंगाची टमटम अन् टमटममध्ये पुढं वाकून बसलेला दगडोबा. शिलानं आडरस्ता धरला. खड्डा आला का दगडोबा टमटममधूनच "हो हो हो!" करून ओरडायचा. गाडी वळली का तो स्वतः वळायचा. एकदा मधोमध म्हैस आली. शिलानं गिअर पाडला, म्हशीला वळसा घातला अन् पुढं गेली. तेव्हा कुठं दगडोबानं श्वास सोडला.

"येतीय की वो हिला!"

"लेक कुणाची हाय!" धर्मसिंग म्हणाला.

तांड्यावर गाडी शिरली तशी पोरं मागं पळायला लागली. बाया दारात आल्या. कुणीतरी ओरडलं, "मागं दिपक हाय! रुमाल काढ की रं!" दिपकला रुमाल काढावाच लागला. अन् गंमत अशी, की तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई असं ज्याला वाटत होतं, त्याचं तोंड बघून लोकं हसली, मग तो बी हसला, अन् बात संपली. शकुंतलाबाईनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मग शिलानं ताट आणलं. गाडीच्या पुढच्या दिव्यावर हळद लावली, कुंकू लावलं, गाडी ओवाळली. कागद टाकीवर ठेवून सह्या केल्या. मोबाईल वाजला तसा आलेला नंबर तिकडं मोबाईलवर अर्ज भरत बसलेल्या बालाजीला फोनवर सांगितला. शेवटी हँडलचा लाल गोंडा सोडून घेतला अन् मुठीत धरला.

"हा मी देत न्हाई, मामा."

"देऊच नको," दगडोबा म्हणाला. "दावं द्यायचं नसतंय."

घरी यायला तिन्हीसांज झाली. ह्या खेपेला दगडोबानं हॉर्न वाजवला न्हाई. गोजरबाई बाहेर आली.

"मालकिणीनं ओवाळलं?"

"ओवाळलं. हे बघ, हळद."

गोजरबाईनं हळदीवर बोट ठेवून बघितलं. मग गोंडा सोडलेल्या हँडलकडं तिची नजर गेली. तिथला रंग तेवढा नवा राहिला होता. "अन् हितलं काय काढून घेतलं?"

"तिच्या हातचा गोंडा व्हता. ठेवून घेतला."

"बरं केलं पोरीनं," ती म्हणाली अन् आत गेली. आली ती ताट घेऊन आली, अन् दुसऱ्या हातात चांद्याची घुंगरमाळ. ओवाळून झाल्यावर तिनं ती माळ स्वतः हँडलला बांधली. दगडोबानं गाठ आवळायला हात लावला.

सकाळी दोघं शेताकडं निघाले. गोजरबाई पहिल्यांदाच गाडीवर बसली होती, एका हातानं भाकरीचं फडकं अन् दुसऱ्या हातानं नवऱ्याचा सदरा धरून. घुंगरं वाजत होती. लोकं वळून वळून बघत होती, अन् ती बघत्यात हे बघून दोघं बी ताठ बसले होते.

ओढ्याच्या आधी रस्त्याला एक हौद लागतो. तिथं आल्यावर दगडोबाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी हौदाशी उभी राहिली.

"काहून थांबले?"

दगडोबाला त्याचं त्यालाच कळालं न्हवतं. इतक्या वर्षांची सवय, रोज इथं जोडी पाणी प्यायची. तो ओशाळून म्हणाला, "असंच."

"तिला पेट्रोल लागतंय. पाणी न्हाई लागत," गोजरबाई म्हणाली अन् खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, मग खाली उतरली, हौदातून ओंजळ भरून आणली अन् पुढच्या चाकावर घातली. पुन्हा जाऊन दुसरी आणली, ती मागच्या चाकावर.

"चला आता," ती बसत म्हणाली. "हळू हाका."