उशीवरची नोट

"पप्पांकडून खोली साफ करणाऱ्या मावशींना टिप मिळवून दाखव. जमलं तर घरी जाईपर्यंत खिडकीची सीट तुझी," असं दादा म्हणाला, आणि छोटी "लाव पैज!" म्हणून मोकळी झाली. येडीच! तिचे पप्पा म्हणजे हॉटेलातली साबणाची उरलेली चिपटीसुद्धा घरी नेणारा माणूस.

ही पैज लागली माझ्यावर उड्या मारता मारता, म्हणून मला ठाऊक. बोलतेय ती मी उशी. हॉटेलातली, मोठ्या पलंगावरची, भिंतीकडची.

जन्म कारखान्यातला. मशीननं पोटात कापूस कोंबला, कडा शिवल्या, झाले मोठी. मग इथे आले आणि डोकी झेलायला लागले. साहेब, नवरी, बाळं, सगळी डोकी. दिवसा कितीही रुबाब असू दे, झोपेत लाळ सगळ्यांची गळते. शप्पथ!

पण मी थक्क होते ते आमच्या मावशींना बघून. त्या खोल्या साफ करतात. मला उचलून असा एक दणका देतात की पोटातल्या सगळ्या गाठी सुटतात. चादर हवेत उडवतात, आणि ती बरोब्बर चारी कोपऱ्यांवर उतरते, जसा काही तिला कुणी पत्ता सांगितलाय. आयला, रोज बघते आणि रोज आ वासते.

पैजेच्या आदल्या दिवशी पप्पांचं पोट बिघडलं आणि ते माझ्यावरच ओकले. मला माझीच किळस आली. मावशींनी मात्र नाकसुद्धा मुरडलं नाही. "होतं असं, साहेब, तुम्ही पडा," म्हणाल्या. माझी खोळ काढली, मला पुसून उन्हात ठेवलं, पप्पांना पाणी पाजलं. आता ओकारी काढणं, पाणी पाजणं हे काय रोजच्या कामातलं आहे का? अशा वेळी वर काहीतरी द्यायचं असतं, हे मला कळतं, उशीला!

आई म्हणालीसुद्धा, "अहो, उशीवर काहीतरी ठेवा त्यांच्यासाठी. टेबलावर ठेवलंत तर त्या हात लावणार नाहीत, विसरलात असं वाटेल. उशीवरचं त्यांचं असतं."

पप्पा म्हणाले, "पगार मिळतो की त्यांना."

तुम्ही असं नका हं करू. ठेवा काहीतरी, आणि माझ्यावरच ठेवा. मला वजन होत नाही.

तर, सकाळी सगळे नाश्त्याला निघाले. छोटी "माझा रुमाल राहिला" म्हणून मागे फिरली. पप्पांनी चष्म्याच्या डबीत लपवलेली मोठी नोट काढली, माझ्यावर ठेवली आणि धूम पळाली. मी गार!

मावशी आल्या. नोट बघून थबकल्या, मग हसल्या. "वाटतो त्यापेक्षा बरा निघाला की माणूस," असं मलाच म्हणाल्या. नोट घेतली आणि जाताना टॉवेलचं एक झकास बदक करून पलंगावर बसवलं.

पप्पा परत आले. "वा! फुकटात बदक!" मग त्यांनी डबी उघडली.

झालं. खाली फोन गेला. मावशी आल्या, मागोमाग त्यांचे साहेब, हॉटेलचे मॅनेजर.

"उशीवर होती, साहेब, म्हणून घेतली," मावशी म्हणाल्या आणि नोट टेबलावर ठेवली.

"मी ठेवीन उशीवर? मी?" पप्पा कडाडले.

आई हळूच म्हणाली, "ते खरंय हो. हे नाही ठेवणार."

घ्या! पप्पांचा कंजूसपणाच मावशींच्या विरुद्ध साक्षीला उभा.

मॅनेजरसाहेबांनी हात पुढे केला. "खोल्यांच्या किल्ल्या द्या, मावशी. उद्यापासून येऊ नका."

मावशी कमरेचा जुडगा सोडायला लागल्या. एवढी चादर झुलवणारी ती बोटं, पण त्यांना साधी गाठ सुटेना. मला ओरडावंसं वाटत होतं. पण उशीचं ऐकतो कोण?

दादानं मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. छोटीनं मला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. तिचं काळीज माझ्या पोटात धाडधाड वाजत होतं. इतक्या डोक्यांखाली दबले, पण असं आतून वाजणारं माणूस कधी ऐकलं नव्हतं. एवढीशी पोर, आणि समोर सगळी मोठी माणसं! मी नुसती बघत राहिले.

"किल्ल्या नका देऊ, मावशी," ती म्हणाली. "नोट मी ठेवली. पप्पा, तुम्ही ठेवत नव्हता ना, म्हणून मी ठेवली."