मेयोहून आलेली चाल

मी अ‍ॅकॉर्डियन बोलतोय. डरकनांच्या घरचा. लाल रंगाचा, बटणांचा, डाव्या अंगाला जरा खरचटलेला. 'द वेट स्लेट्स' या बँडची गाणी तुम्ही ऐकली असतील. अर्ध्या जगाने ऐकली आहेत. नात्याने मी त्या गाण्यांचा थोरला काका लागतो. बढाई वाटली तर खुशाल वाटू द्या.

मॅटी डरकनने मला आयर्लंडमधल्या मेयोहून बोटीने आणलं, तेव्हा त्याच्याकडे अंगावरच्याशिवाय दुसरा धड शर्टही नव्हता. आठवडाभर मँचेस्टरचे रस्ते खणायचे आणि रविवारी चर्चमधून थेट आयरिश क्लबात येऊन मला मांडीवर घ्यायचं, हा त्याचा नेम. फावड्याने राठ झालेली बोटं माझ्यावर मात्र अलगद फिरायची. एक संथ चाल त्याने स्वतः बांधली होती. तिला नावही नव्हतं. बायको डेलिया पावाचं पीठ मळताना तीच गुणगुणायची, आणि मुलाला, एमनला, मॅटीने ती माझ्यावरच शिकवली. एमन आठ वर्षांचा असताना मॅटी गेला.

पुढच्याच वर्षी आयरिश बंडखोरांनी इंग्लंडात बॉम्ब फोडले आणि आमच्या बोलीचा प्रत्येक माणूस संशयित ठरला. शेजारीण बोलेनाशी झाली. डेलिया दुकानात तोंड न उघडता बोटाने वस्तू दाखवू लागली. मला तिने कपाटात मॅटीच्या कोटाखाली ठेवलं आणि एमनकडून शपथ घेतली: बाबा कुठले, घरात काय वाजतं, बाहेर कुणाला सांगायचं नाही.

पोराने शपथ पाळली. मोठा झाला, गिटार घेतली, तीन मित्र जमवले. त्यातल्या एकाची आई केरीची, दुसऱ्याचे आजोबा स्लायगोचे, म्हणजे तेही आयरिशच, पण कुणी कुणाला बोललं नाही. बँड जगभर गाजला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'अस्सल इंग्रजी मातीचं संगीत.' कपाटात मला हसू फुटलं, कारण त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे मॅटीची ती चाल होती, नुसती वेग वाढवलेली.

मग टीव्हीवरच्या मुलाखतीत एमनला विचारलं, घरी कुणी वाजवायचं का? तो म्हणाला, "नाही, कुणीच नाही." डेलियाने टीव्ही बंद केला आणि बटाटे सोलायला बसली. नवऱ्याचं नाव पोराने पुसलं, हे तिला फार लागलं. मलाही लागलं.

तिच्या साठीला क्लबात दुपारी सगळे जमले. तिने मलाही कपाटातून काढून, पुसून नेलं. एमन बँडसकट आला होता. आमच्या क्लबात जुना नियम आहे: ज्याचं गाणं संपलं, त्याने पुढचा गाणारा नेमायचा, आणि नेमलेल्याने नाही म्हणायचं नाही. घसा बसलेला असो की नाव मोठं असो.

डेलियाने गाणं म्हटलं आणि मुलाकडे बोट केलं. त्याने गिटार उचलली.

"ती ठेव," ती म्हणाली. "बाबांचा बाजा घे. त्यांची चाल वाजव, आणि कुणाची ते सांग."

एमन पांढराफटक पडला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, तूच शपथ घातली होतीस. सांगायचं नाही म्हणून. अजून पाळतोय मी."

डेलिया खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती मुलावर रुसली होती आणि मुलगा तिचीच आज्ञा पाळत होता.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चूक माझी होती, पोरा. घाबरले होते मी. मोडली ती शपथ. आता वाजव."

एमनने मला मांडीवर घेतलं. सुरुवातीला माझा भाता खोकला, पण चाल सापडली. ड्रम वाजवणारा डोळे पुसत टेबलावर ठेका धरून बसला. म्हाताऱ्यांनी पहिल्याच ओळीला मॅटीला ओळखलं. वाजवून झाल्यावर एमन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ही चाल मॅटी डरकनची. मेयोचा. माझा बाप."

हल्ली मी प्रत्येक कार्यक्रमाला मंचावर असतो. एक बटण अडकतं, खालचे सूर घोगरे निघतात, तरी माझी पाळी मी सोडत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. ते गाणं कधी कानावर पडलं, तर शेजारच्याला सांगा, हे एका रस्ते खोदणाऱ्याने बांधलंय.