डिकीचं दार

वडिलांच्या सेवेहून मोठा धर्म नाही. माझा मेहुणा विश्वजीत हा धर्म दर मंगळवारी, रहिमतपूर ते सांगली, सतरा वर्षं जुन्या गाडीतून काचा बंद करून पाळत असे.

आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे शेकायला विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात न्यायचे असत. डॉक्टरांशी शिकल्यासवरल्या माणसानं बोलावं म्हणून मी बरोबर. मी साताऱ्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. गुडघ्यांना तेवढं पुरतं, असं सासरी सगळ्यांचं मत होतं.

डिकीचं लॉक दिवाळीपासून धरत नव्हतं. दार कितीही आदळा, चार बोटं वर राहायचं. मी गॅरेज सुचवलं. विश्वजीत फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला.

"दाजी, ह्या गाठीवर आमी जीप लटकवलीया," म्हणाला आणि त्यानं नायलॉनच्या दोरीनं दार बांधलं. गाठ खरोखर सुरेख होती. फट तेवढी राहिली.

"म्होरं तुमी बसा, जावईबापू," आबा दर खेपेला म्हणत.

"आबा, पुढं तुम्हाला पाय पसरता येतील."

"आन् लोकं काय म्हणतील? जावयाला मागं कोंबला?"

मग मी पुढे बसे. आबा मागे, कानाला मफलर. त्यांना वारं बाधू नये म्हणून काचा बंद. विश्वजीतची तेवढी तंबाखू थुंकण्यापुरती उघडी.

नोव्हेंबरात आबांचं डोकं दुखायला लागलं. सांगली येईपर्यंत दोनदा ओकारी. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, डोक्यात काही निघालं नाही.

"घरी कसे असतात?"

"घरी ठणठणीत," मी म्हणालो. ठणठणीत माणसाला आठवड्यातून दोनदा आणायचं ठरलं.

माझी बायको संयोगिता एकदा म्हणाली, "दादा, आबांच्या मफलरला धुराचा वास येतोय."

"बंबाचा असंल," विश्वजीत म्हणाला.

आबा खचत चालले. जेवण नको, नातवाचं नाव आठवेना. चेहरा मात्र कधी कधी गुलाबी दिसे. "काय त्याज आलंय आवं," शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या. विश्वजीत मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, म्हातारा वाचला पायजे. काय बी करू." त्यानं काहीही करायचं बाकी ठेवलं नाही.

जानेवारीत आष्ट्याच्या अलीकडे टँकर उलटला. रस्ता तासभर बंद. इंजिन एकदा बंद केलं की धक्का मारावा लागे, म्हणून चालू ठेवलं. आबांचा डोळा लागला होता. उलटलेला टँकर बघायला न जाता दोन पुरुषांनी गाडीत बसून राहणं शक्यच नव्हतं. उतरताना विश्वजीतनं स्वतःची काचही वर केली आणि आबांची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच लावलं.

आम्ही परत आलो तेव्हा आबा त्याच कुशीवर होते. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. वय ब्याऐंशी. कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

तेराव्यानंतर गाडी विकायला काढली. माधवनगरचं गिऱ्हाईक म्हणालं, आधी डिकी नीट करा. तिथला मिस्त्री, प्रबुद्ध, गाठ सोडवता सोडवता म्हणाला, "गाठ कुणाची हो? लय भारी." मग दार वर करून त्यानं आतल्या अस्तरावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"काचा लावून चालवत होता?"

"व्हय," विश्वजीत म्हणाला.

"आवं, मागनं फट असली की सायलेन्सरचा सगळा धूर आत वढतो. मागं कोण बसायचं?"

विश्वजीत दोरी गुंडाळत राहिला.

"मी पुढं बसायचो," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

लॉकच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून प्रबुद्धनं उसाच्या पाचटाचा बोटभर तुकडा बाहेर काढला आणि दार आदळलं. ते लागलं.

लॉक बिघडलेलं नव्हतं.