मुकादमामार्फत

ताईने उकडलेल्या अंड्याच्या बलकात गोळी दाबून बसवली, वरून बोटाने गुळगुळीत केली आणि कुत्र्यापुढे धरली. मुकादमाने बलक खाल्ला, ओठ चाटले आणि गोळी तेवढी तिच्या चपलेवर आणून ठेवली. अगदी अलगद, चुकून आलेली वस्तू परत करावी तशी.

"मुकादम, सांग त्याला," ती म्हणाली, "आजही गोळी बाहेर आली."

मुकादमाने मान वळवून टेबलाच्या पलीकडे बघितलं. तिथे तिचा धाकटा भाऊ सोफ्याच्या सांगाड्यावर पट्ट्या ताणत बसला होता. त्याने हातोडी खाली ठेवली.

"सांग तिला, लोण्यात घोळवून बघ म्हणावं."

मान परत ताईकडे वळली. ती लोणी आणायला उठली.

बहीणभावांमध्ये एका टेबलाचं अंतर होतं आणि दोघांचेही कान शाबूत होते. तरी आई गेल्यापासून त्यांच्यातलं सगळं बोलणं असं कुत्र्यामार्फत चालायचं. जुने सोफे, खुर्च्या उसवून नव्याने मढवायचा वडिलांपासूनचा धंदा होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दुकान खाली आणि राहणं वर. काम असं की ते एकट्याने होत नाही. एकाने कापड ओढून धरायचं, दुसऱ्याने खिळे ठोकायचे, आणि हे न बोलता जमत नाही. एकदा गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं, तेव्हा ताई कावून कोपऱ्यातल्या कुत्र्याला म्हणाली होती, "विचार त्याला, सोफ्याच्या हातांचं कापड कापलं का?" धाकट्यानेही उत्तर कुत्र्यालाच दिलं. तेव्हापासून कुत्र्याचं आईने ठेवलेलं नाव मागे पडलं आणि तो मुकादम झाला. इतकं काम करतो तर त्याला पगार चालू करा, असं शेजारच्या कुलूपवाल्याने सुचवून पाहिलं होतं.

मुकादम कामात खरंच लक्ष घालायचा. जो बोलेल त्याच्याकडे बघायचा, मग ज्याला बोललं असेल त्याच्याकडे. वाद रंगला की त्याची मान इकडून तिकडे फिरत राहायची आणि शेवटी तो उठून दाराबाहेर जाऊन बसायचा. मग दोघांनाही गप्प बसावं लागे. तसंही काम करताना ताई ओठांत बारीक खिळे धरायची, वडील धरायचे तसे. ओठांत खिळे असले की कुणाशी बोलायचा प्रश्नच येत नाही.

मुकादमाच्या गाठी ताईच्याच हाताला लागल्या होत्या. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, जुन्या गादीत कापसाचे गोळे होतात तशा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की कॅन्सर आहे. पूर्ण बरा होणार नाही, पण केमो दिली तर काही काळ चांगला जाईल. करायची, असं ताईने तिथल्या तिथे सांगून टाकलं. धाकट्याने मुकादमाचा पट्टा हाताभोवती गुंडाळला आणि पुन्हा सोडला.

त्यानंतर त्यांचे आठवडे मुकादमाच्या सलाईनभोवती फिरू लागले. माल पोचवायच्या गाडीत मागे घोंगडी अंथरायची, धाकट्याने चालवायचं, ताईने मुकादमाचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. दवाखान्यात तिने डोकं धरायचं आणि त्याने मागचे पाय. सुई टोचली तरी मुकादम हलायचा नाही. फक्त टेबलाचा पत्रा त्याच्या पायांखाली बारीक खडखडत राहायचा. घरी आलं की ओकाऱ्या. हातमोजे घालून पुसणं, चादरी धुणं, पातळ करून काहीतरी भरवणं. एकदा शिलाई मशीनवर कापडाची टीप घालताघालताच ताईला झोप लागली आणि टीप तिरपी जाऊन कापडाबाहेर पडली. धाकट्याने ती उसवून दिली.

मधले काही आठवडे मात्र बरे गेले. गाठी विरल्या, केस गळायचे थांबले. मुकादम एका सकाळी पार्सलवाल्यावर पूर्वीसारखा भुंकला. पार्सलवाला दचकून मागे सरकला आणि ताई आत जाऊन रडली. धाकट्याने त्या दिवशी कारण नसताना सगळी अवजारं पुसून ठेवली.

मग गाठी परत आल्या. या खेपेला ताईने मुकादमाला काही सांगितलं की तो मान वळवायचा नाही, नुसते डोळे फिरवायचा. नंतर नंतर डोळेही मिटलेले असत आणि एक कान तेवढा हलायचा. निरोप पोचल्याची पावती तेवढीच.

"अजून एक औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लागू पडलंच तर थोडे दिवस मिळतील. पण ते त्याला सोसेल असं मला वाटत नाही. नाहीतर थांबवू या. मी तुमच्याकडे येईन आणि त्याला शांतपणे झोपवेन. दोघांनी एकमेकांशी बोला आणि मला कळवा."

'एकमेकांशी' हा शब्द बाईंनी मुद्दाम सावकाश म्हटला. हे मुकादमामार्फतचं प्रकरण त्यांना माहीत होतं, आणि सुरुवातीला त्याचं हसू येई ते आता येत नव्हतं.

गाडीत परतताना ताई धाकट्याच्या मानेकडे बघत राहिली. हा काय करणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. आईच्या वेळी त्याने तेच केलं होतं. आईचं तिसरं ऑपरेशन ठरत होतं आणि ताई हॉस्पिटलमधून तेवढी अंघोळीला म्हणून घरी आली होती. परत गेली तर आईच्या नळ्या काढलेल्या, अंगावर घरची शाल, आणि धाकटा आईला घरी न्यायला स्ट्रेचरशेजारी उभा. उपचार थांबवायच्या कागदावर सही त्याने एकट्याने केली होती. आई घरी थोडेच दिवस राहिली. स्वतःच्या पलंगावर, पायाशी कुत्रा, खिडकी उघडी. पण रागाच्या भरात ताईला त्यातलं काही दिसलं नाही. "मला विचारलं नाहीस," एवढं ती त्याला म्हणाली. तिचं त्याच्याशी सरळ बोलणं तेव्हाच संपलं, आणि धाकट्यानेही त्यावर कधी उत्तर दिलं नाही.

आता पुन्हा तो परस्पर ठरवणार. ती त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागली. तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला की ती दाराशी जाऊन ऐके; बोलणं फोमच्या भावाबद्दल असे. एका दुपारी तो काही न सांगता गाडी घेऊन गेला तेव्हा तिने त्याला सुनवायची वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली. तो आला तो काखेत मऊ फोमचा तुकडा घेऊन. तो त्याने मुकादमाच्या मापाने कापला, कडा तासून गोल केल्या आणि त्याच्या अंगाखाली सरकवला. जुळवलेली वाक्यं तिला गिळावी लागली.

विषय आपणच काढावा, असंही तिला वाटलं. संध्याकाळी ओठांतले खिळे काढून तिने सुरुवात केली.

"मुकादम, विचार त्याला..."

कोपऱ्यातला कान हलला. मुकादमाने कष्टाने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, काय विचारायचंय याची वाट बघत. ताईला पुढचं विचारवेना. तुला ठेवायचं की सोडायचं, हे तुझ्याच तोंडून कसं विचारू?

"...विचार, मागचा दिवा बंद केला का."

"सांग तिला, केला," धाकटा म्हणाला. मग त्याने हातोडी खाली ठेवली. "आणि सांग तिला..." मुकादमाचे डोळे आता त्याच्याकडे फिरले. धाकट्याने मान खाली घातली. "काही नाही. झोप तू."

असे आणखी काही दिवस गेले. मुकादम लोण्याकडेही बघेनासा झाला. एका सकाळी ताई खाली आली तेव्हा त्याला उठता आलं नव्हतं आणि नवा फोम ओला झाला होता. आयुष्यात त्याने घरात कधी घाण केली नव्हती. ती जवळ येताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईने त्याला पुसलं, कोरडं केलं, फोम उन्हात टाकला, आणि हे सगळं करताना ती सारखी म्हणत होती, असू दे रे, असू दे.

धाकटा हे दारातून बघत होता. त्याने मशीनचं बटण बंद केलं.

"जरा बाहेर ये," तो म्हणाला.

मुकादमाला नाही, तिला. ताईला ते कळायला क्षणभर लागलं. ती त्याच्यामागून दुकानाच्या पायरीवर आली. त्याने दार आपल्यामागे लोटून घेतलं. रस्त्यावर कुलूपवाला शटर वर ढकलत होता.

"ताई, थांबवायचं का?" धाकटा म्हणाला. "तू सांग. तू म्हणशील तसं."

"मला कशाला विचारतोस?"

"मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

या वाक्याची तिने इतकी वाट बघितली होती. त्यावर काय काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं अक्षरही आठवेना. थांबवायचं, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. पण ते आपल्या तोंडाने म्हणायचं म्हणजे छातीवर दगड ठेवून म्हणायचं. त्यापेक्षा याने परस्पर फोन करावा, मुकादम सुटावा आणि आपण रागवायला मोकळं राहावं, हेच आपल्याला हवं होतं. इतके दिवस आपण त्याच्यावर पहारा करत नव्हतो, त्याची वाट बघत होतो. हे तिला पायरीवर उभ्याउभ्या समजलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"आईच्या वेळी विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते," ती म्हणाली.

"माहीत होतं."

तो कुलूपवाल्याकडे बघत राहिला. धाकट्याचे डोळे सुजलेले होते, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. हा म्हातारा कधी झाला, ते या सगळ्या काळात तिने पाहिलंच नव्हतं.

"थांबवू या," ताई म्हणाली. शब्द निघाले तेव्हा तिने दाराची चौकट धरली. "बाईंना फोन मी करते."

डॉक्टरीणबाई दुपारी येणार होत्या. त्याआधी मुकादमाला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता, कारण त्याचा फोम अजून वाळला नव्हता. दुकानाच्या मधोमध एका गिऱ्हाइकाचा सोफा तयार होऊन उभा होता, गर्द हिरव्या मखमलीचा, दुसऱ्याच दिवशी पोचवायचा. मालावर चढायचं नाही हा आईने मुकादमाला पिल्लू असताना घालून दिलेला नियम, आणि तो त्याने आजवर मोडला नव्हता. नव्या सोफ्यांभोवती तो नुसती फेरी मारायचा, वास घ्यायचा आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

"वर घे त्याला," ताई म्हणाली.

"गिऱ्हाइकाचा आहे."

"पुन्हा मढवू."

धाकट्याने मुकादमाला उचलून सोफ्यावर ठेवलं. मुकादमाने मखमलीला नाक लावलं, मग डोकं वर करून दोघांकडे आळीपाळीने बघितलं, काहीतरी चुकतंय हे कुणी कुणाला सांगत कसं नाही, अशा चेहऱ्याने. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटा पायांशी बसला. बाई आल्या तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. सुई टोचताना या वेळी काही खडखडलं नाही. मखमलीवर आवाज होत नाही. मुकादमाचा कान एकदा हलला, ताईने त्यात त्याचं जुनं नाव हळूच म्हटलं, आणि मग तो हलला नाही.

रडायचं ते दोघंही रडले. धाकट्याने त्याला मागच्या अंगणात भिंतीलगत पुरलं. ताईने वर घोंगडी घातली आणि मग माती. कुलूपवाला येऊन थोडी माती टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सोफा पुन्हा उसवायला घेतला. गिऱ्हाइकाला उशीर होणार म्हणून सांगून झालं होतं. दिवस सरता सरेना. जुनी मखमल काढली, नवी पसरली. ताई ओठांत खिळे धरून सोफ्यामागे गुडघ्यांवर बसली. धाकट्याने पुढून कापड मुठीत घेतलं. हात तयार होते, काम पुढे सरकत नव्हतं.

"मुकादम, विचार त्याला..." खिळ्यांमधून तिच्या तोंडून निघालंच.

दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. तिथे वाळलेला फोमचा तुकडा भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

धाकटा खाकरला.

"ओढतोय," तो म्हणाला. "तू सांगशील तेव्हा थांबतो."

ताईने ओठांतले खिळे काढून हातात घेतले.

"अजून थोडं ओढ, छोट्या," ती म्हणाली.