सरासरी अंतर

“सर, माह्यं घर मारुतीच्या देवळामागं हाय, पण मी गाय सोडून येतो. तीन किलोमीटर लिहा न!”

“गायीचं अंतर गायीच्या नावानं लिहीन, निकेश. तुह्यं अर्धा किलोमीटर. बस खाली.”

नववीचा वर्ग खो खो हसला आणि वासुदेवराव झाडे सरांनी फळ्यावर आणखी एक उभी खूण ओढली. चार खुणा उभ्या, पाचवी आडवी. पुस्तकातले कारखान्याचे मजूर आणि त्यांची वयं हिंगणीच्या पोरांच्या गळी काही उतरत नाहीत, असं सरांचं ठाम मत होतं. म्हणून वारंवारता सारणी आली की ते पोरांनाच मोजायचे. एका वर्षी कोणाच्या आईनं दिवसाला किती किलो कापूस वेचला ते, एका वर्षी कोणाच्या झाडाला किती संत्री लागली ते. शहाण्णव सालच्या सप्टेंबरात त्यांनी घर ते शाळा हे अंतर घेतलं, आणि त्या वेळी त्यांच्या मनात नुसतं गणित नव्हतं.

मोहटोलीची आठ मुलं त्या वर्गात होती. सात किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता जंगलाच्या कडेनं. त्यांतली ज्योत्स्ना गणितात अशी पक्की, की सर कधी फळ्यावर चुकले तर आधी तिच्याकडेच बघायचे. पण तिच्या बापानं, तानबानं, पोळ्याच्या दिवशी सरांना स्पष्ट सांगितलं होतं.

“थंडीत पाच वाजता शाळा सुटते, घरी येता येता अंधार. परवा नाल्याजवळ अस्वल दिसलं. दिवाळीपर्यंत यष्टी सुरू झाली तं ठीक, सर. नाई तं जोसनाले मी घरी बसवतो. मले दोष देजो नोका.”

“मी अर्ज करतो, तानबा. यष्टी येईल,” सर म्हणाले होते. सरांचा शब्द म्हणजे शब्द, असं अख्खी हिंगणी मानायची. त्यांनी स्वतःही ते जरा जास्तच मानलं होतं.

सारणी पुरी झाली. शून्य ते दोन किलोमीटरच्या घरात बत्तीस मुलं. दोन ते चार आणि चार ते सहा, दोन्ही घरं रिकामी. सहा ते आठच्या घरात आठ. वर्गमध्य एक आणि सात. बत्तीस आणि छप्पन्न मिळून अठ्ठ्याऐंशी, भागिले चाळीस. सरासरी २.२.

त्या संध्याकाळी सरांनी एस.टी. आगाराला अर्ज लिहिला. शाई नवी, अक्षर मोत्यासारखं, आणि मधोमध खाली रेघ मारलेलं वाक्य: ‘विद्यार्थ्यांना सरासरी २.२ किलोमीटर अंतर पायी चालावे लागते.’ गणिताचा मास्तर, त्याला आकडा दिल्याशिवाय अर्ज अर्धवट वाटतो. आकडा बिनचूक होता, आणि सर त्यावर बेहद्द खूश होते.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस असताना उत्तर आलं. सरासरी अंतर २.२ किलोमीटर असल्यामुळे स्वतंत्र फेरीची गरज दिसत नाही. सरांनी ते वर्गातच उघडून वाचलं. मग पत्र त्यांनी ज्योत्स्नाच्या हातात दिलं. का दिलं, ते त्यांनाही कळलं नाही.

तिनं दोनदा वाचलं. “सर, दोन पॉइंट दोन चालणारं आपल्या वर्गात कोणीच नाई.”

“काय म्हणतेस?”

“दोन ते चारच्या घरात एकही खूण नव्हती न. बाकीचे अर्धा-एक चालतात, आमी सात चालतो. हे दोन पॉइंट दोन कोण चालते?”

बावीस वर्षं ते सरासरी शिकवत होते आणि एका पोरीनं त्यांना सरासरी म्हणजे काय ते विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून, अख्खी सारणी मोठ्या कागदावर काढून, ते आगारात गेले. तिथल्या साहेबानं रिकाम्या घरांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या घरावर थांबवलं.

“गुरुजी, हे आधी काऊन नाई पाठवलं? हे पाह्यलं असतं तं मी नाई म्हटलंच नसतं.”

प्रस्ताव वर गेला. वरून मंजुरी, गाडी आणि वेळापत्रकात जागा मिळायला पावणेदोन वर्षं गेली. तानबानं तेवढी वाट पाहिली नाही, आणि सरांना त्याला दोष देता येईना. दिवाळीनंतर ज्योत्स्ना शाळेत आली नाही. अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात तिचं लग्न झालं, वडनेरकडे. सर लग्नाला गेले, पंगतीत जेवले, आणि तिच्याशी धड दोन शब्द न बोलता परतले. त्यांना लाज वाटत होती. पुढं दोन हजार सहाला निवृत्त होईपर्यंत ते सरासरी काढू द्यायच्या आधी पोरांकडून प्रत्येक घर मोठ्यानं वाचून घेत, रिकामी घरंसुद्धा. पोरं कंटाळत.

मोहटोलीची पहिली यष्टी आली ती अठ्ठ्याण्णवच्या जुलैत. सर हिंगणीहून तिच्यातूनच गेले. टोलीवर नारळ फुटला, ड्रायव्हरला टिळा लागला, दप्तरं घेऊन मुलं चढली, त्यात तानबाची धाकटी नलूही होती. आणि तिच्यामागून हिरवं लुगडं सावरत ज्योत्स्ना चढली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीसाठी माहेरी आली होती. ती सरांच्या शेजारी येऊन बसली.

“हिंगणीले काही काम हाय का, बाई?” सरांनी विचारलं.

“नाई, सर.”

सर खिशात हात घालायला लागले तशी ती म्हणाली, “राहू द्या सर, माह्ये पैशे हायेत,” आणि तिनं स्वतःचं तिकीट काढलं.

नाला गेला, जंगलाची कड गेली. पायी दीड तासाचा रस्ता वीस मिनिटांत सरला. ती खिडकीबाहेर बघत होती. सरांना माफी मागायची होती, पण ती मागायची कशी हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

शाळेपुढं यष्टी थांबली. मुलं धडाधड उतरली. नलूनं खालून हात हलवला आणि ती फाटकातून आत पळाली. सर उतरले, पण फाटकाकडं न जाता तिथंच उभे राहिले.

“उतरा बाई, शाळा आली,” कंडक्टर म्हणाला.

ज्योत्स्नानं कनवटीचे पैसे काढून त्याच्यापुढं धरले. “मले नाई उतरायचं,” ती म्हणाली. “मोहटोलीचं एक द्या.”