चौथी फांदी

फांदी उतरवायची असते, पाडायची नसते, एवढं एकच शास्त्र त्या घराला ठाऊक होतं. नवरा झाडावर, बायको खाली दोराशी. कापायच्या फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली आणायचा, बुंध्याला तीन वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक बायकोच्या हातात. फांदी सुटली की तिने दोर हळूहळू सोडायचा आणि ती झोपलेल्या पोरासारखी जमिनीवर ठेवायची.

इतर झाडतोडे फांदी सुटताना वरून "सोडतो" म्हणून ओरडतात. हा गडी ओळ म्हणायचा. करवत लावली की ओळ सुरू, ओळ संपली की फांदी सुटली. जेवढ्या फांद्या तेवढ्या ओळी, आणि प्रत्येक झाडाची कविता वेगळी. लोक त्याला कविराज म्हणायचे, निम्मे कौतुकाने आणि निम्मे चेष्टेने. लिहून ठेव म्हटलं तर म्हणायचा, झाड गेलं, ओळ गेली. गेली कुठली! त्या सगळ्या ओळी बायकोच्या हातात जाऊन बसल्या होत्या. दोरावर भार आला की तिला आठवायच्या. एरवी विचारलं तर एक शब्द आठवेल तर शपथ.

लाँड्रीमागच्या झाडाच्या तीन फांद्या उतरल्या आणि चौथीला करवत लावून कविराज "चौथी फांदी" एवढंच म्हणाला. मग थांबला. छातीत कसंतरी होतंय म्हणून खाली आला आणि उरलेलं उद्या करू म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

बायकोने टिपूस गाळलं नाही. भेटायला आलेल्यांना चहा केला, शेजाऱ्यांच्या खुर्च्या पुसून परत दिल्या, त्याचे बूट धुऊन उन्हात ठेवले. लोक म्हणाले बाई धीराची आहे, आणि पाठ फिरल्यावर म्हणाले बाई दगडाची आहे. जगाचं तोंड कोण धरणार? खरं तर तिलाही दुसरंच मत पटत होतं. उकळता चहा घोटला तरी जीभ भाजल्याचं कळत नव्हतं. एकदा दार लावून तिने त्याचा शर्ट मुद्दाम हुंगून पाहिला, निदान रडू तरी यावं म्हणून. साबणाचा वास आला. तिने शर्टाची नीट घडी घातली आणि कुकर लावला.

लेक छापखान्यात पानं लावायची. बापाचं पुस्तक काढायचं असं तिने मनात घेतलं आणि रेकॉर्डिंग लावून आईला फोनसमोर बसवलं. आई फोनकडे बघत बसली, फोन आईकडे. मग पोरीने डोकं चालवलं. गोणीत वाळू भरली, गोणीला दोर बांधला आणि आईला जिन्याच्या कठड्यावरून ती खाली सोडायला लावली. गोणी हलली तशी पहिली ओळ आली. त्या जिन्यावरून दोघींनी अख्खं जंगल खाली उतरवलं. तळमजल्यावरचे लोक वैतागले, पण पुस्तक झालं. आई ओळी म्हणायची, त्या भाजीचे भाव सांगितल्यासारख्या. पोरगी ऐकताना रडायची आणि आई तिला रुमाल द्यायची.

राहिली फक्त शेवटची कविता. तिच्या तीनच ओळी होत्या:

पहिली फांदी वाऱ्याची, तिचं कुणाशी भांडण नाही,
दुसरी फांदी पाखरांची, घरटं रिकामं, घाई नाही,
तिसरी फांदी सावलीची, हळू उतरव तिला, बाई.

चौथी काही गोणीवर येईना. आई म्हणाली, ती तिथेच आहे, त्या झाडावर. खरा भार आला की येईल. बाकीच्या सगळ्या अशाच आल्या होत्या, म्हणून पोरीने विश्वास ठेवला. आईनेही ठेवला. ती ओळ आली की तिच्याबरोबर आणखीही काही येईल, अडलेलं सगळं सुटेल, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. लाँड्रीवाल्याला दुसरा झाडतोड्या मिळत होता, पण तिने त्याला त्या झाडाला हात लावू दिला नाही. वाळत घातलेल्या चादरींवर रोज पाचोळा पडायचा आणि तो बिचारा झटकत राहायचा.

शेवटी दीर आला. धाकटा दीर म्हणजे तोंडात मूग धरलेला माणूस, कामाला मात्र वाघ. त्याने वर चढून दोर बांधला. खाली ती बुंध्याशी उभी राहिली, लेक फोन चालू करून बाजूला. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. मग बुंध्याला तीनऐवजी एकच वेढा दिला. वेढे जितके कमी तितका हातावर भार जास्त, आणि आज तिला सगळा भार हवा होता. उभ्या आयुष्यात केला नव्हता असला मूर्खपणा तिने अगदी शांतपणे केला.

करवत थांबली. "वहिनी, सोडतो," दीर वरून म्हणाला.

तिने ऐकलं, पण ते तिच्यासाठी नव्हतंच. ती ओळीची वाट बघत होती.

फांदी सुटली. दोर तिच्या मुठीतून सणसणत गेला. तिने तो सोडला नाही, पण तो थांबलाही नाही. फांदी कडाडत खाली आली आणि कपडे भिजवायच्या टाकीला खेटून आपटली. सुदैवाने तिथे कुणी नव्हतं. लाँड्रीवाला इस्त्री तशीच टाकून धावत आला.

"आली का?" लेकीने विचारलं. तिचं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं.

आई तळहाताकडे बघत होती. सालटं निघालं होतं, आणि त्याखालून रक्त हळूहळू वर येत होतं.

"त्यांनी ती म्हटलीच नव्हती गं," ती म्हणाली. "जे म्हटलंच नाही, ते माझ्या हातात कुठून येणार?"

पोरीने फोन बंद केला. तेवढ्यात आईचा चेहरा वाकडा झाला.

"दुखतंय," ती म्हणाली.

"हात?"

"हात." मग जरा थांबून, "सगळंच दुखतंय."

आणि ती त्या पडलेल्या फांदीवर बसून रडली. इतक्या महिन्यांचं साचलेलं, मोठ्याने, नाक पुसायचं भान न ठेवता. लाँड्रीवाल्याने गार पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवली आणि तो चादरी काढायच्या निमित्ताने लांब गेला. लेकीने आईचा हात पाण्यात धरला. दीर वरच बसून राहिला, करवत मांडीवर घेऊन. खाली यावं की नाही ते त्याला उमगत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, उरलेल्या फांद्या आज करायच्या का.

तिने तोंड धुतलं. खिशातले हातमोजे काढून लेकीच्या हातात दिले, तिला बुंध्याशी उभं केलं आणि डाव्या हाताने स्वतः वेढे दिले, मोजून तीन. दोर पोरीच्या मुठीत नीट बसवला. मग वर बघितलं.

"भावजी, सोडताना जरा मोठ्याने ओरडा," ती म्हणाली. "आता दुसरं कुणी सांगणार नाही."