दाराबाहेरचा श्वास

साप्ताहिकवाल्या बाईंचा प्रश्न साधाच होता. हल्ली काय बघता, काय ऐकता, काय आवडलं? त्यांच्याकडे लेखकांच्या दिनक्रमाचं एक पान असतं. भयकथा लिहिणारा माणूस कुठे बसतो, कसं काम करतो आणि फावल्या वेळात काय करतो, हे लोकांना कळायला हवं असं त्यांचं म्हणणं.

मी खरं तेच सांगितलं. सकाळी आठ ते बारा जेवणाच्या टेबलावर, दाराकडे पाठ करून बसतो. मागून कुणी येईल या धाकानं मान ताठ राहते आणि वाक्यंही. लोकांना त्यांची भीती सांगायला लावतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि पुन्हा पुन्हा ऐकतो. शब्दांसाठी नाही, माणूस कुठे अडखळतो ते कळावं म्हणून. सांगणारा जिथे गप्प होतो, तिथे माझं प्रकरण संपतं. वीस वर्षं माझं दुकान याच भांडवलावर चाललं आहे.

आवडीनिवडी मात्र अगदीच मिळमिळीत निघाल्या. नवरा-बायको जुनं घर दुरुस्त करताना भिंतीच्या रंगावरून भांडतात, ती मालिका. पेंग्विनांवरचा माहितीपट, तोही दोनदा. आणि एक प्रश्नमंजूषा, जिचा सूत्रधार स्वतःच्या विनोदांवर स्वतःच हसतो. दिवसभर भुतं पाळल्यावर संध्याकाळी पुन्हा भुतंच कोण बघणार? बाई हिरमुसल्या. वाचकाच्या अंगावर काटा येईल असं एखादं तरी द्या, म्हणाल्या.

आणि मी दिलं. चांगलं वाक्य हाताशी असलं की ते वाया घालवायचं नाही, ही माझी वाईट खोड. लिहून पाठवलं : ‘सध्याचं सगळ्यात आवडतं ऐकणं म्हणजे सदतीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग. लहानपणी अडगळीच्या खोलीत कोंडली गेलेली एक बाई सांगते, दाराबाहेर कुणीतरी उभं राहून श्वास घेत होतं. तिला अजून माहीत नाही, तो श्वास माझा होता.’

वाचकांना वाटणार, काय भन्नाट कल्पना आहे. ही कल्पना नाही हे ओळखणारं माणूस जगात एकच, माझी ताई.

ते रेकॉर्डिंग तिचंच. गेल्या वर्षी मी खूप गळ घातली तेव्हा बोलली, तेही कुठे छापायचं नाही या अटीवर. ती नऊ वर्षांची होती, मी सहा. सुट्टीचा दिवस, आई मावशीकडे गेलेली. सकाळी ताईच्या हातून बाबांचा चष्मा फुटला होता आणि त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं. दुपारी ती जिन्याखालच्या खोलीत शिरली आणि बाहेरून कडी लागली. दोन तास ती रडली, हाका मारल्या, दार बडवलं. बाहेर कुणीतरी होतं आणि उघडत नव्हतं. शेवटी बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, मीच घातली होती कडी. त्या दिवसापासून बाबा तिच्या मनातून उतरले ते उतरलेच. पुढे तिनं घर सोडलं. बाबा शेवटचे दवाखान्यात होते, तेव्हाही ती आली नाही.

कडी मी घातली होती. पंचेचाळीस वर्षं जे कुणाकडे बोललो नाही, ते मी पेंग्विनांच्या खाली छापायला देऊन बसलो होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा उशीर झाला होता. बाईंना फोन केला, तर अंक छापून गेलेला. त्या म्हणाल्या, तो शेवटचा मजकूर तर आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडला. मी तसाच निघालो. ताई डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. हे साप्ताहिक तिथे सकाळीच येतं आणि भावाचं नाव असलेला कागद ताई कधी सोडत नाही. तिच्याआधी तो अंक माझ्या हातात पडायला हवा होता.

काउंटरवर ताई नव्हती. बाकावर पाच-सहा पेशंट डोळ्यांत औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसले होते. अंक एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मांडीवर होता. त्यांना त्यातलं अक्षरही दिसत नसणार, पण अंक काही हातातून सुटत नव्हता. “काका, मी वाचून दाखवू का?” मी विचारलं. त्यांनी खुशीत अंक दिला. मी घाईघाईनं पानं उलटली. माझं पान नव्हतंच. कात्रीनं सरळ रेषेत कापून घेतलेलं होतं.

काकांना मी पेट्रोलचे भाव वाचून दाखवले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

आतून ताई आली. तिनं मला पाहिलं, दोन पेशंटांची कार्डं भरली, एकाला औषध कसं घालायचं ते समजावून सांगितलं, घाई न करता. मग डोळे तपासायच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी आत गेलो. तिनं दार लावून घेतलं आणि तपासणीच्या खुर्चीत मला बसवून समोर स्टूल ओढलं.

“कडी तू घातलीस,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“उघडली का नाहीस?”

“आधी गंमत म्हणून. मग तू रडायला लागलीस आणि ऐकत राहावंसं वाटलं. नंतर इतका वेळ झाला होता, की उघडायचीच भीती वाटायला लागली.”

हे ऐकून ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मग बाबा का म्हणाले, मीच घातली म्हणून?”

या प्रश्नापासूनच मी इतकी वर्षं पळत होतो. बाबा झोपेतून उठून खाली आले, तेव्हा मी दाराला कान लावून उभा होतो, चड्डी ओली झालेली. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात जे सांगितलं, ते मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. “तू गप्प बस. ती माझ्यावर रुसली तर चालेल. तुम्हा दोघांना एकमेकांच्या सोबतीनं पुष्कळ वर्षं काढायचीत.”

ताई भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी डॉक्टर आले का म्हणून विचारत होतं.

“अकरा दिवस होते बाबा दवाखान्यात,” ती म्हणाली. “अकराही दिवस तू मला फोन करत होतास. ये, ये म्हणत रडत होतास. तेव्हा एवढं एक वाक्य सांगता आलं नाही तुला?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तू मला सोडशील याची.”

ताई उठली. टेबलावरचं पुढच्या पेशंटचं कार्ड तिनं उचललं.

“बरोबर वाटली होती,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.